झोपेच्या खुणा

मी बरीच वर्षं नागपुरात पाळणाघर चालवलं. जूनअखेर शाळा सुरू झाल्या, की नवी मुलं येत आणि आयांची तीच तक्रार असे. "काकू, घरी हा दोन तास गाढ झोपतो. इथं डोळ्याला डोळा लागत नाही त्याचा." दीड वर्षाच्या एका मुलाची आई तर चौथ्या दिवशी रडवेली होऊन म्हणाली, "मी आता नोकरीच सोडते." मी तिला विचारलं, "घरी कसा झोपतो, ते सांग." ती म्हणाली, "कूलर लावते, मांडीवर घेते, थोपटते. मग दोन तास मी हलत नाही. खाली ठेवला की उठतो."

उत्तर तिच्या बोलण्यातच होतं.

झोप कुणाचीच एकसारखी नसते. ती गाढ होते, मग पातळ होते, पुन्हा गाढ होते. पातळ झोपेत मूल क्षणभर चाळवतं. डोळा लागताना जे जवळ होतं, ते तसंच असलं तर पुन्हा झोपी जातं. मांडीच्या जागी गादी आली, की पुरतं जागं होतं. म्हणजे मुलाला जागा नव्हे, खुणा ओळखीच्या लागतात. आमच्याकडे कूलरची घरघर ही अशीच एक खूण. पाऊस लागून कूलर बंद झाले, की घरातसुद्धा मुलांची दुपारची झोप बिघडलेली मी पाहिली आहे.

विदर्भात कापूस वेचायला जाणारी बाई बाभळीला लुगड्याची झोळी बांधते. भोवती बायकांचं बोलणं चालू असतं, तरी मूल झोपतं. शेत रोज बदललं तरी लुगडं तेच, झोका तोच.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की सोबत नेता येतील अशा खुणा लावा. रोज ठरल्या वेळी हातपाय पुसणं, शू करवणं, एकच गाणं आणि एक छोटी गोधडी. हा क्रम आधी आठवडाभर घरीच करा. मूल पेंगुळलं, पण जागं आहे, तेव्हाच त्याला अंथरुणावर ठेवा. थोपटणं हळूहळू कमी करा. आधी नुसता हात अंगावर, मग शेजारी बसणं.

दुसरी गोष्ट, घरातल्या घरात बदल करा, पण एका वेळी एकच. आज दुसरी खोली, दोन दिवसांनी पडदा थोडा उघडा, मग स्वयंपाकघरातला कुकर वाजू द्या. घर चिडीचूप ठेवलं, तर मुलाला चिडीचूपपणाचीच सवय लागते.

तिसरी गोष्ट, नव्या जागी मुलाला आधी खेळू द्या, मग झोपवा. गोधडी आदल्या दिवशी धुऊ नका. तिला घरचा वास राहू द्या. वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठवा आणि रात्री लवकर निजवा. दमेल म्हणून मुद्दाम जागं ठेवू नका. अति दमलेलं मूल जास्त रडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी. हिशेब पूर्ण दिवसाचा धरा, एका दुपारचा नव्हे.

अंथरूण जमिनीलगत असावं, तोंड उघडं असावं आणि कूलर व त्याची वायर मुलाच्या हातापासून दूर असावी.

आणि एक इशारा. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कित्येक बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन कामावर जात. त्या काळच्या अहवालांत तशी नोंद आहे. त्यांची लाचारी आपण समजू शकतो. पण आज मूल झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं गुंगीचं औषध पाजणं हे त्याच वाटेवरचं पाऊल आहे. गुंगी म्हणजे झोप नव्हे. तिनं मुलाचा श्वासही मंदावू शकतो.

त्या आईनं आपल्या जुन्या साडीची गोधडी शिवून आणली. पहिले काही दिवस मुलगा ती घेऊन नुसता लोळला. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी चाळीस मिनिटं झोपला. संध्याकाळी मी तिला तसं सांगितलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली.