कोयनेचे धक्के आणि कातळाखालचा कान

पाटण आणि जावळी तालुक्यांतून आमच्या वसतिगृहात येणारी मुले पहिल्याच वर्षी ओळखू येतात. रात्री स्वयंपाकघरातील मांडणीवरची ताटे किणकिणली, की घाटावरच्या इतर गावांतील मुले दचकून उठतात. खोऱ्यातील मुले मात्र कूस बदलून एवढेच विचारतात, "कोयनेचा का वारणेचा?" आणि पुन्हा झोपी जातात. या स्मरणिकेच्या वाचकांत त्या खोऱ्यातील पालक पुष्कळ आहेत. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांची जुनी घरे व आईवडील आजही तेथेच आहेत. त्या धक्क्यांमागे काय आहे आणि त्यांचा अभ्यास कोण व कसा करीत आहे, हे त्यांच्यापुढे मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट जुन्या पिढीला सांगावी लागत नाही. साखरझोपेच्या वेळी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली आणि हजारो बेघर झाली. धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा गेल्या, पण भिंत उभी राहिली. पुढे तिला आधार देऊन मजबूत करण्यात आले. धरणाच्या आतील गॅलरीत बसविलेल्या यंत्राने त्या पहाटेच्या हादऱ्यांची नोंद केली होती. ती नोंद जगभरचे धरण-अभियंते आजही आपल्या गणितांसाठी वापरतात, ही गोष्ट आमच्याच भागातील फार थोड्यांना ठाऊक आहे.

तोवर दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, अशी सर्वसाधारण समजूत होती. परंतु १९६२ पासून शिवाजीसागर भरू लागला आणि त्याबरोबरच परिसरात गुरगुर व लहान धक्के जाणवू लागले. म्हणून १९६३ पासून तेथे भूकंपमापक बसविण्यात आले. साठच्या दशकातच आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता आणि चीनमधील शिनफेंगच्यांग या मोठ्या जलाशयांजवळही सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. इतरत्र ही हालचाल कालांतराने मंदावली. कोयनेत ती साठ वर्षांनंतरही चालू आहे. पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक, चार किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे सुमारे दोनशे आणि लहान धक्के तर हजारो, अशी तिची मोजदाद आहे. १९८५ मध्ये वारणेचे धरण भरू लागले आणि १९९३ नंतर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणेपर्यंत पसरले. आमच्या मुलांच्या प्रश्नातील 'का वारणेचा' हा तुकडा तेव्हापासूनचा.

पाण्याने भूकंप कसा होतो, हे समजण्यासाठी वसतिगृहातील पत्र्याची ट्रंक पुरेशी आहे. कोरड्या फरशीवर भरलेली ट्रंक एका मुलाला हलत नाही. फरशी ओली असली की तीच ट्रंक थोड्या रेट्याने सरकते. कोयनेच्या खाली जुने प्रस्तरभंग आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असून त्यांत युगानुयुगे ताण साचलेला आहे. जलाशय भरला की पाण्याचे वजन वरून पडतेच. शिवाय कातळाच्या भेगांतून पाण्याचा दाब हळूहळू खाली पोहोचतो, खडकांची एकमेकांवरील पकड सैल होते आणि साचलेला ताण मोकळा होतो. धरण भूकंपाला केवळ निमित्त होते. त्याची शक्ती भूगर्भाची असते. हा फरक ध्यानी घेणे आवश्यक आहे, कारण गावागावांत आजही 'सगळे धरणाने केले' आणि 'धरणाचा काही संबंध नाही' असे दोन पक्ष पारावर भांडताना दिसतात, आणि दोघेही अर्धेच बरोबर असतात.

यामुळेच कोयनेच्या धक्क्यांना एक प्रकारचे पंचांग आहे. मृगापासून पाऊस धरतो, जलाशयाची पातळी चढते आणि सप्टेंबरच्या सुमारास धक्के वाढतात. डिसेंबरच्या आसपास ते पुन्हा वाढू शकतात, आणि पाणी ओसरू लागले की फेब्रुवारी-मार्चमध्येही हालचाल दिसते. पातळी किती वेगाने चढली, कितीपर्यंत चढली, उच्च पातळी किती दिवस टिकली आणि पूर्वीचा उच्चांक ओलांडला गेला का, या सर्व गोष्टींना महत्त्व आहे. कोयनेचा अभ्यास अनेक दशके करणारे भूशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता यांनी दाखवून दिले, की पाच किंवा अधिक तीव्रतेच्या धक्क्यांपूर्वी पातळी आठवड्याला सुमारे १२ मीटरहून अधिक वेगाने चढलेली होती. अर्थात पाणी असे चढले म्हणजे मोठा धक्का येतोच, असे नाही.

संशोधकांचे वर्षही या पाण्याच्या चालीनेच चालते. हे काम एका संस्थेचे नाही. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, केंद्राचे पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि खंडांवर खोल छिद्रे घेऊन अभ्यास करणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम अशा अनेकांचा त्यात सहभाग आहे. २०११ मध्ये हैदराबाद व कोयना येथे देशोदेशींचे शास्त्रज्ञ एकत्र बसले. जेथे भूकंप जन्मतात तेथपर्यंत छिद्र घेण्यास कोयना ही जगातील उत्तम जागांपैकी एक आहे, असे त्यांचे मत पडले. कारणे साधी होती. धक्क्यांचे क्षेत्र सुमारे वीस बाय तीस किलोमीटर एवढेच, बहुतेक धक्के दहा किलोमीटरहून कमी खोलीचे आणि आसपास दुसरे भूकंपक्षेत्र नाही.

त्यानंतर पहिल्या टप्प्यात सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ छिद्रे घेतली गेली. शेतात बोअर मारताना काळा भुगा वर येतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. येथे मात्र भुग्याऐवजी दगडाच्या अखंड नळकांड्या बाहेर काढल्या. रासाटी येथे ९३३ मीटरपर्यंत काळा बसॉल्ट लागला. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर चढून बनलेला आहे. त्याच्याखाली एकदम अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाच्या खडकांचा थर नाही. एवढा मोठा काळ दोन दगडांच्या सांध्यात मावलेला आहे, आणि तो सांधा हातात धरता येतो! पुढे गोठणे गावाजवळ डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात ३०१४ मीटर खोलीचे पथदर्शी छिद्र पूर्ण झाले. त्यातून खडकातील ताण, तापमान आणि भेगा यांची मोजमापे झाली. याहून खोल, प्रत्यक्ष भूकंपांच्या उगमापर्यंत जाणे, हे या कार्यक्रमाचे पुढचे उद्दिष्ट आहे.

पहिल्या छिद्रांपैकी काहींच्या तळाशी, ग्रॅनाइटमध्ये, भूकंपमापक सोडण्यात आले. पृष्ठभागावर एसटी, ट्रॅक्टर, वारा, पाऊस या साऱ्यांचा गलका असतो. दीड किलोमीटर खाली बरीच शांतता असते. त्या कानांमुळे धक्क्याची जागा सांगताना होणारी चूक सुमारे ८०० मीटरवरून ३०० मीटरपर्यंत खाली आली. सर्वसामान्यांस हा किरकोळ आकडा वाटेल. पण कोणता धक्का कोणत्या प्रस्तरभंगावर झाला, हे ठरविताना हाच फरक निर्णायक असतो.

एक प्रश्न पालकसभेत आम्हांला विचारला गेला होता आणि तो रास्त होता: एवढे खोल भोक पाडल्याने भूकंप होणार नाहीत का? छिद्राची रुंदी परातीहून मोठी नसते, आणि ज्या डोंगररांगेत ते घेतले आहे तिच्या मानाने ते सुईच्या टोचणीएवढेही नाही. प्रचंड प्रमाणात पाणी दाबाने दीर्घकाळ जमिनीत भरले तर धक्के येऊ शकतात, असा परदेशांतील अनुभव आहे. येथील काम त्या जातीचे नाही. मापनासाठी छिद्राच्या लहान भागात थोडा वेळ दाब देतात, तेवढेच.

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची या कामासाठीची प्रयोगशाळा कराड येथे आहे. कोयनेतून काढलेले दगडी गाभे तेथे जपून ठेवले आहेत, आणि विद्यार्थ्यांना ते पाहता येतात. ज्यांची मुले दहावीनंतर विज्ञान शाखेकडे वळणार आहेत, त्यांनी ही जागा अवश्य दाखवावी. मात्र केवळ सहलींनी हे कार्य पुरे होत नाही, असे आम्हांस वाटते. १९६७ मध्ये माणसे मेली ती बव्हंशी मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. उद्या, पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी धक्का येईल, असे आजही कोणी सांगू शकत नाही, आणि समाजमाध्यमांवर तसा निरोप आला तर तो खोटा समजावा. घर कसे बांधावे, जुन्या भिंतीला आडवा पट्टा कसा घालावा, धक्का बसताच पळत न सुटता टेबलाखाली कसे शिरावे, हे मात्र निश्चित सांगता येते. हे ज्ञान प्रयोगशाळेतून वाडी-वस्तीपर्यंत नेणे हे शास्त्रज्ञांचे जितके, तितकेच आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि आजवर आम्ही ते पुरेसे केलेले नाही.

म्हणून यंदाच्या पावसाळ्यापासून आठवी-नववीच्या मुलांनी एक वही सुरू केली आहे. वर्तमानपत्रांत कोयना धरणाचा साठा टीएमसीमध्ये छापून येतो, तो एका स्तंभात लिहितात. जाणवलेल्या धक्क्याची तारीख आणि वेळ दुसऱ्यात. तिसरा स्तंभ 'कोठे होतो, काय केले' असा आहे. तो भरताना एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिले आहे, "झोपलो होतो. काही केले नाही." खोऱ्यातील माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या गावच्या नोंदी पाठविल्यास त्या याच वहीत उतरवून घेऊ.