आवाज एक, शब्द दोन

लेखमाला : कान, मेंदू आणि भाषा – भाग ५

मे २०१८ मध्ये एका शब्दाच्या ध्वनिफितीवरून जगभर घराघरांत वाद झाले. कुणाला तीत ‘लॉरेल’ ऐकू येई, कुणाला ‘यॅनी’. मोबाइल तोच, खोली तीच, तरी शेजारी बसलेल्या दोघांचे एकमत होईना. मूळ शब्द ‘लॉरेल’ होता. व्होकॅब्युलरी डॉट कॉम या ऑनलाइन शब्दकोशासाठी जे ऑब्रे जोन्स या गायकाने तो २००७ मध्ये उच्चारला होता. मग ‘यॅनी’ आली कुठून?

मागच्या भागात आपण पाहिले की बोललेला प्रत्येक ध्वनी म्हणजे खालच्या-वरच्या अनेक कंपनांची जुडी असते. या फितीत खालची कंपने ‘लॉरेल’शी जुळतात, वरची ‘यॅनी’शी. स्पीकरवर वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित करताना वरचा भाग ठळक झाला आणि दोन्ही शब्दांना जवळपास सारखा पुरावा मिळाला. वय वाढते तसे कानाला वरची कंपने कमी ऐकू येतात. लहान स्पीकर खालची कंपने गाळतो. त्यामुळे पारडे कधी इकडे झुकते, कधी तिकडे. फितीची पट्टी खाली आणली की बहुतेकांना ‘यॅनी’ ऐकू येते, वर नेली की ‘लॉरेल’.

पण पुरावा अर्धवट असताना निकाल देतो तो मेंदू. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका वाक्यातला एक ध्वनी कापून त्या जागी खोकला भरला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंडच ऐकू आला. नेमका कोणता ध्वनी गाळला आहे हे त्यांना सांगता आले नाही. पावसात भिजलेल्या पत्रातली पुसट अक्षरे आपण अंदाजाने वाचतो, तसेच हे. फरक एवढाच, की पत्र वाचताना आपण अंदाज करतो आहोत हे कळते. ऐकताना कळत नाही.

हा अंदाज मेंदू आपल्या भाषेच्या शिदोरीवर करतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले की इंग्रजी घरातले सहा-आठ महिन्यांचे बाळ हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखते; दहा-बारा महिन्यांचे होईपर्यंत ही क्षमता बरीच ओसरते. घरात ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, त्या फरकाकडे मेंदू लक्ष देणे सोडतो.

हे समजायला गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. प्राणहिता नदीच्या पलीकडे तेलंगणा. अलीकडे बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी-माडिया एकाच दुकानासमोर ऐकू येतात. शेजारच्या मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. मराठीतले ‘गुरे चार’ हे दोन शब्द घ्या. ‘च’ तालव्य असेल तर गुरांची संख्या कळते, दंततालव्य असेल तर गुरे चारायला सांगितले आहे. तेलुगूतही हे दोन्ही उच्चार आहेत, पण मूळच्या तेलुगू शब्दांत कुठे कोणता हे साधारणपणे पुढच्या स्वरावरून ठरते. त्यामुळे केवळ ‘च’वरून अर्थ ओळखायची सवय त्या कानाला नसते. उलट ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतला फरक तेलुगूभाषक सहज पकडतो, कारण त्याच्या भाषेत ‘ळ’ आहे. बंगालीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही ‘न’सारखाच उच्चारला जातो. म्हणून बंगाली घरातल्या मुलाने श्रुतलेखनात ‘पाणी’चे ‘पानी’ केले, तर त्याचे लक्ष नव्हते असे म्हणता येत नाही. त्याच्या कानाने जे वेगळे मानले नाही, ते त्याच्या हाताने वेगळे लिहिले नाही.

फोनवर अडचण आणखी वाढते. पारंपरिक टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत तर शेवटच्या व्यंजनाचाच फरक, आणि तेच सर्वांत हलके उच्चारले जाते. मराठीच्या सराईत कानालाही तिथे चकवा बसतो.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. औषधाच्या गोळ्या, पैसे किंवा गाडीची वेळ फोनवर सांगताना ‘साठ’ऐवजी ‘सहा, शून्य’ असे आकडे सुटे करून सांगावेत आणि समोरच्याकडून ते परत म्हणून घ्यावेत. ‘कळलं का?’ या प्रश्नाचा इथे उपयोग नाही. चुकीचे ऐकलेल्यालाही आपल्याला कळले असेच वाटते. आणि पहिलीच्या वर्गात शिक्षकांनी ‘पानी’सारखे लेखन लाल शाईने खोडण्याआधी मुलाला दोन्ही शब्द जोडीने पुन्हा पुन्हा ऐकवावेत. कान नव्या भाषेला तयार होतो. त्याला सराव लागतो, रागावणे नव्हे.

पुढच्या आठवड्यात : गोंगाटाच्या बाजारात आपल्याला स्वतःचे नाव तेवढे कसे ऐकू येते?