रासायनिक अभियांत्रिकी : घाटमाथ्यावरील तरुणांसाठी एक वाट

लोणावळ्याजवळील भुशीचे धरण आज वर्षासहलीसाठी प्रसिद्ध आहे. मात्र एकोणिसाव्या शतकात जी. आय. पी. रेल्वेने ते बांधले, ते वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी. बॉयलरमध्ये क्षारांची पुटे चढली, की उष्णता पाण्यास नीट पोचत नाही व इंधन वाया जाते. पदार्थ, उष्णता आणि प्रवाह यांचा असा हिशेब मांडून प्रक्रिया सुरक्षित व किफायतशीर ठेवणे, हेच रासायनिक अभियंत्याचे कार्य होय. प्रयोगशाळेत चंचुपात्रात जे घडते, ते कारखान्यात टनावारी घडविण्याची जबाबदारी त्याची असते.

मावळला हे क्षेत्र दूरचे नाही. लोणावळा, वळवण व शिरवटा जलाशयांचे पाणी १९१५ मध्ये सुरू झालेले खोपोलीचे वीजगृह चालवून पाताळगंगेत उतरते. त्याच नदीच्या आधाराने रसायनी-पाताळगंगा परिसरात रसायन उद्योग वाढला. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कार्यरत आहे.

शिक्षणाच्या वाटा

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रासायनिक संयंत्र चालकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका मिळते. पदविकाधारकास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय असल्याने, घरच्या अडचणींमुळे लवकर कमावू इच्छिणाऱ्याचीही पुढील दारे बंद होत नाहीत. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी आहे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (१९३३) व नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था (१९४२) ही त्यातील जुनी विद्यापीठे. मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर याच मुंबईच्या संस्थेतून १९६६ मध्ये पदवीधर झाले व पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

प्रगतीच्या संधी

संयंत्र चालविण्यापासून पाळीप्रमुख, उत्पादन व्यवस्थापक अशी चढण असते. आराखडा, संशोधन, गुणनियंत्रण ही स्वतंत्र क्षेत्रे आहेत. खत, औषध, रंग, अन्नप्रक्रिया, साखर व आसवनी या उद्योगांनाही हे ज्ञान लागते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला व १९८७ मध्ये कारखाने कायद्यात सुधारणा झाली. परिणामी सुरक्षितता व सांडपाणी शुद्धीकरण या कामांचे महत्त्व वाढले. नदीकाठच्या गावांसाठी तर हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

निर्णयाची घटका दहावीलाच येते. म्हणून शिक्षकांनी आठवीपासून गणित व विज्ञानाचा पाया भक्कम करावा आणि पंचायत सदस्यांनी प्रवेशाची व शिष्यवृत्तीची माहिती ग्रामसभेत वेळेवर द्यावी. मुलींनाही ही वाट तितकीच खुली आहे, हे पालकांना आवर्जून सांगावे. घाटाखालील उद्योगांत घाटमाथ्यावरील मुले केवळ मजूर म्हणून नव्हे, तर तंत्रज्ञ म्हणून जावीत, हे त्यामुळेच साध्य होईल.