जुळ्या बाळांची झोप : पाळणा एक की दोन?

"डॉक्टर, जुळ्यांसाठी एकच मोठा घडीचा पाळणा घेऊ, की दोन लहान?" बाबा मोबाइलवर चार-पाच पाळण्यांचे फोटो दाखवत विचारतात. शेजारी बसलेल्या आजी म्हणतात, "घरात आमच्या सासूबाईंचा लाकडी पाळणा आहे, त्यात दोघंही मावतील." आई गप्प असते, कारण गेल्या दहा दिवसांत तिला सलग दोन तास झोप मिळालेली नाही.

जुळी बाळे घरी आली की हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो. त्याचे उत्तर एका ओळीत देता येते : दोन बाळांना दोन स्वतंत्र, सपाट आणि रिकाम्या जागा हव्यात, आणि त्या आईच्या हाताच्या अंतरावर हव्यात. ही अट पूर्ण होत असेल तर पाळणा महागाचा आहे की गोधडी जमिनीवर अंथरली आहे, याने फारसा फरक पडत नाही. ती पूर्ण होत नसेल तर सर्वांत महागडा पाळणाही कामाचा नाही.

जुळ्यांना जास्त जपावे का लागते?

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. अनेकांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असते. अशा बाळाची मान कमजोर असते आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. हनुवटी छातीला टेकली किंवा नाकावर दुपटे आले, तर मोठे बाळ डोके वळवते, हातपाय झाडते, रडते. दोन किलोच्या बाळाला ते जमेलच असे नाही.

तान्ह्या बाळाचा झोपेत, कोणतेही कारण न सापडता, अचानक मृत्यू होणे याला 'सिड्स' म्हणतात. वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत हा धोका जास्त असतो. हे वाचून घाबरू नका. असे क्वचित घडते, आणि धोका कमी करणाऱ्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

"पोटात एकत्र होती, मग आता वेगळी का?"

हा प्रश्न आजी मायेने विचारतात. पण पोटात बाळ नाकाने श्वास घेत नव्हते, त्याला प्राणवायू नाळेतून मिळत होता. आता त्याचे नाक-तोंड मोकळे राहणे हीच मोठी गोष्ट आहे. शेजारी झोपलेल्या भावंडाचा हात, पाय किंवा सरकलेले दुपटे तोंडावर येऊ शकते. दोघांच्या अंगाची ऊब मिळून बाळे जास्त तापतात, तेही चांगले नाही.

अमेरिकन अकादमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला असा आहे की जुळ्यांना रुग्णालयात आणि घरीही वेगवेगळ्या जागेवर झोपवावे, आणि निदान पहिले सहा महिने बाळांनी आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपावे. ब्रिटनमध्ये अगदी लहान जुळ्यांना एका मोठ्या रिकाम्या कॉटमध्ये ठेवलेले चालते असे सांगतात, पण लहान टोपलीवजा पाळण्यात दोघांना एकत्र ठेवू नका, असे तिथेही बजावतात. आपल्या घरांतले पाळणे बहुधा लहानच असतात. म्हणून मी माझ्या रुग्णांना पहिल्या दिवसापासून वेगळे झोपवायला सांगतो.

बारशाला दोघांना एका पाळण्यात ठेवून नावे ठेवा, फोटो काढा, काही हरकत नाही. तेव्हा घरभर माणसे बघत असतात. समारंभ झाला की पाळण्यातली खेळणी, फुले, माळा काढा आणि बाळांना आपापल्या जागी न्या.

झोळी आणि स्प्रिंगचा पाळणा

झोळीत बाळ लवकर शांत होते, हे खरे. पण झोळीला तळ नसतो. कापड खोलगट होते, पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते. नवजात बाळाचा श्वास याच स्थितीत अडतो. दोघांना एका झोळीत ठेवले तर दोघेही मधोमध घरंगळतात आणि एकाचे तोंड दुसऱ्याच्या अंगात दबते. रडणाऱ्या बाळाला झोके द्यायचेच असतील तर एका वेळी एकालाच ठेवा, तुम्ही समोर बसा, आणि डोळा लागताच त्याला सपाट जागी ठेवा. स्प्रिंगला टांगलेल्या कापडी पाळण्यालाही हेच लागू आहे. कारची सीट आणि तिरके बाउन्सरही रोजच्या झोपेसाठी नाहीत. १० अंशांपेक्षा जास्त तिरपे असलेले बाळांचे बिछाने विकण्यावर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी आणली.

घडीचा पाळणा घेताना

बाळंतपण माहेरी आणि तीन महिन्यांनी सासरी जायचे असेल, तर घडीचा पाळणा खरोखर उपयोगी पडतो. दुकानात हे तपासा :

- तळ सपाट आणि घट्ट आहे का? तळहाताने दाबून सोडा. गादी लगेच वर आली पाहिजे, खड्डा राहता कामा नये.
- गादी आणि कडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. मऊ वाटावे म्हणून वर दुसरी गादी घालू नका. घडीच्या पाळण्याबरोबर येते तेवढीच गादी वापरायची.
- बाजू जाळीच्या असतील तर उत्तम. लाकडी गज असतील तर दोन गजांमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको.
- उघडल्यावर सर्व बाजूंचे लॉक 'खट' करून बसतात का? चाकांना ब्रेक आहे का? पाळणा उघडाल त्या प्रत्येक वेळी हे पुन्हा बघा.
- किती वजनापर्यंत आणि किती वयापर्यंत वापरायचा, हे पाळण्यावर लिहिले आहे का?
- 'जुळ्यांसाठी' म्हणून मधे पडदा असलेला पाळणा असेल, तर तो पडदा ताठ आणि पक्का बसवलेला असावा. सैल कापड किंवा मऊ लोड नको.

बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर जोर देऊन उठू लागले की लहान, कमी उंचीचा पाळणा बंद करा. जुळी असली तरी दोघे एकाच दिवशी वळत नाहीत. जो आधी वळेल, त्याच्यावरून ठरवा.

एका खोलीचे घर असेल तर

दोन पाळण्यांना जागा नाही, किंवा तेवढे पैसे नाहीत? मग जमीन उत्तम आहे. कोरड्या जागी चटई, त्यावर जुनी, बसलेली गोधडी घडी करून, आणि वर ताणून खोचलेली चादर. अशी दोन अंथरुणे करा, दोन्हींमध्ये हातभर अंतर ठेवा आणि दोन्ही आईच्या एकाच बाजूला, भिंतीपासून थोडी दूर असू द्या. आईच्या दोन्ही बाजूंना एकेक बाळ ठेवले तर ती कोणत्याही कुशीवर वळली तरी तिथे बाळ असते. आईबाबांच्या मधली जागाही टाळा. मोठे भावंड बाळांच्या शेजारी झोपवू नका.

छत्रीसारख्या मच्छरदाण्या दोन घ्या, आणि जाळी तोंडाला लागत नाही ना हे पाहा. त्या संचात येणारी छोटी उशी मात्र बाजूला काढा.

रोज कसे झोपवायचे?

*उताणे.* रात्री आणि दुपारीही. "दूध ओकेल आणि घशात अडकेल" ही भीती रास्त वाटते, पण शरीराची रचना उलट सांगते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध सहसा श्वासनलिकेत शिरत नाही. कुशीवर ठेवलेले बाळ घरंगळून पालथे होऊ शकते. उताणे झोपवण्याची शिफारस अमेरिकेत १९९२ मध्ये झाली, १९९४ पासून मोहीम चालली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले सिड्सचे मृत्यू निम्म्याने कमी झाले. एनआयसीयूत बाळ पालथे ठेवलेले तुम्ही पाहिले असेल. तिथे त्याला मॉनिटर लावलेला होता आणि नर्स जवळ होती.

*मोहरीची उशी नको.* डोके चपटे होऊ नये म्हणून ती ठेवतात. त्याऐवजी एक दिवस डोके उजवीकडे, एक दिवस डावीकडे वळवून झोपवा. बाळ जागे असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून थोडा वेळ पालथे ठेवा.

*जागा रिकामी.* लोड, रजई, सैल दुपटी, बाहुल्या काही नको. गळ्यातला काळा दोरा काढून ठेवा.

*ऊब बेताची.* हातपाय थोडे गार असणे साहजिक आहे. छाती किंवा मानेमागचा भाग हाताने पाहा. तो घामेजला असेल तर एक कपडा कमी करा. लहान बाळाला डॉक्टरांनी टोपडे घालायला सांगितले असेल, तर ते डोळ्यांवर न सरकणारे आणि नाडी नसलेले असावे. गुंडाळायचे असेल तर छातीवर सैल आणि पाय मोकळे ठेवा, आणि बाळ वळण्याचा प्रयत्न करू लागले की गुंडाळणे थांबवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी कधीच नको. बिडी-सिगारेट घरात कुणीच ओढू नये.

कुशीची ऊब हवीच, पण जागेपणी

वेगळे झोपवायचे म्हणजे दूर ठेवायचे, असे नाही. कमी वजनाच्या बाळांना छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरणे, म्हणजे कांगारू मदर केअर, हा मोठा उपचार आहे. जुळ्यांच्या बाबतीत एक बाळ आईकडे आणि एक बाबांकडे किंवा आजीकडे देता येते. फक्त धरणारे माणूस जागे हवे.

खरा धोका रात्री तीन वाजता असतो. दोघांना पाजून थकलेली आई सोफ्यावर किंवा खुर्चीत टेकते आणि बाळासह झोपून जाते. सोफा ही सर्वांत धोक्याची जागा आहे. म्हणून पाळणा विकत घेण्याआधी रात्रीची पाळी ठरवा. पाजून झाले की ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि जागेवर ठेवणे हे काम दुसऱ्याने करावे. बाबांनी एक रात्र आणि आजीने एक रात्र, असे चालेल. आईला सलग चार तासांची झोप मिळणे हा बाळांच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

ताबडतोब डॉक्टरांकडे न्या

बाळ शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, श्वास मधे थांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही उठत नसेल, काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त अथवा ३५.५ पेक्षा कमी असेल, तर सकाळची वाट पाहू नका. आणि एक बाळ आजारी असेल तर दुसऱ्यालाही दाखवायला बरोबर आणा.

आजींचा लाकडी पाळणा अडगळीत टाकू नका. त्याचा तळ सपाट असेल, गज जवळजवळ असतील आणि तो झोका न देता स्थिर ठेवता येत असेल, तर एका बाळाची सोय झाली. दुसऱ्यासाठी तेवढीच साधी जागा शेजारी करा.