कोरडे अंग, उबदार हात : हिवाळ्यातील शेतकाम आणि थंडीपासून संरक्षण

जानेवारीत बंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर येथे पहाटेचे तापमान सर्वसाधारणपणे पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराचा आजवरचा नीचांक ७.८ अंश असून तो १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदविला गेला. उत्तर महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे आकडे सौम्यच वाटतील. तरीही तेथील सारक्की बाजारात पहाटे पालेभाजी उतरविणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोपी असते आणि कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या हाताळताना त्यांची बोटे आखडतात. उघड्या टेम्पोतून आलेल्या, दवाने भिजलेल्या अवऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडील पावटा-वालाच्या, शेंगांची पोती उचलणाऱ्यांचीही हीच अवस्था असते. सोळा अंशांना हात का बधिर व्हावेत? या प्रश्नाच्या उत्तरातच हिवाळी शेतकामाच्या सुरक्षिततेचे मुख्य सूत्र आहे. शरीराला गारठविणारी थंडी केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. ती अंगावरील ओल आणि वारा यांवरही तितकीच ठरते.

हे सूत्र निफाडच्या शिवाराला लावून पाहिले, की त्याचे गांभीर्य ध्यानात येते. नाशिक जिल्ह्यातील या द्राक्षपट्ट्यात अनेक हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री द्राक्षघडांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवितात आणि पहाटे ठिबकद्वारे पाणी सोडतात. गहू, हरभरा, कांदा यांचे दारे धरणारा शेतकरी मात्र त्याच रात्री अनवाणी किंवा फाटक्या गमबुटात पाटाच्या पाण्यात उभा असतो. पिकाच्या थंडीची जेवढी चिंता वाहिली जाते, तेवढी पीक राखणाऱ्याच्या थंडीची वाहिली जात नाही.

रात्रीचे पाणी

रब्बी हंगामात रात्री पाणी देणे ही शेतकऱ्याची आवड नसून वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाने लादलेली गरज आहे. कृषी वाहिन्यांवर थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा आळीपाळीने मिळत आली आहे. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जेथे ही वीज पोहोचली, तेथे रात्रीचे जागरण टळले. जेथे ती पोहोचलेली नाही, तेथे अंधार, साप, बिबट्या यांच्या जोडीला थंडीही आहेच. सापाची आणि बिबट्याची भीती सर्वांना ठाऊक असते. थंडीचा धोका मात्र हळूहळू चढतो, त्यामुळे तो लक्षात येत नाही.

ओल ऊब कशी पळविते

पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. कपड्याच्या धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर, कोरडी हवा हेच खरे उबेचे पांघरूण असते; कपडा भिजला, की त्या हवेची जागा पाणी घेते आणि पांघरूण नाहीसे होते. शिवाय ते पाणी वाळविण्याचे कामही शरीरालाच करावे लागते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. साठ ग्रॅम बाजरीच्या पिठाची भाकरी सुमारे २१० किलोकॅलरी देते, असे धरल्यास भिजलेले कपडे अंगावरच वाळविण्यात जवळजवळ पावणेतीन भाकऱ्यांची ऊब खर्ची पडते.

शरीराचे अंतर्गत तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले, की त्या अवस्थेस अल्पतापमान अवस्था म्हणतात. तेथे पोहोचण्यासाठी बर्फ पडावाच लागतो असे नाही. ओले कपडे, वारा, रिकामे पोट आणि थकवा एकत्र आले, तर आठ-दहा अंशांतही ही अवस्था येऊ शकते. वृद्ध, कृश आणि आजारी व्यक्तींना तिचा धोका अधिक असतो.

हात उबदार ठेवायचे, तर धड झाकावे

हाताच्या पंजात मोठे स्नायू जवळजवळ नाहीत, त्यामुळे बोटे स्वतः फारशी उष्णता निर्माण करू शकत नाहीत. त्यांची ऊब रक्तावाटे येते. धड गारठू लागले, की हृदय, मेंदू आदी अवयवांचे तापमान राखण्यासाठी शरीर बोटांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्वचेचे तापमान पंधरा अंशांच्या खाली गेले, की बोटांची सफाई कमी होते. आणखी खाली गेले, की स्पर्शज्ञानही हरपते. विळा निसटणे, स्टार्टरचे बटण नीट न दाबले जाणे, नोझल बसविताना औषध सांडणे, हे सारे अपघात अशाच बधिर हातांतून घडतात. म्हणून केवळ हातमोजे घालून भागत नाही. छाती, मान, डोके आणि मनगटे झाकली, तर बोटांना रक्त पुरते.

कीटकसृष्टीतही ऊब राखण्याची हीच रीत आढळते. मधमाशीच्या शरीरात उष्णता निर्माण होते ती छातीतील उड्डाणस्नायूंत. पंख न हलविता हे स्नायू थरथरवून ती उष्णता मिळविते आणि अंगावरील केसांच्या दाट थरात ती राखून ठेवते. कडक थंडीत वसाहतीतील माश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात. गोळ्याच्या बाहेरील माश्या अंग आवळून कवच बनवितात, आतील माश्या उष्णता निर्माण करतात. पिलावा असेल, तर मधला भाग ३३ ते ३५ अंशांवर राखला जातो. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी मधमाशी पाळणाऱ्यांना हिवाळ्यात पेटीतील मधाचा साठा का तपासावा लागतो, याचे कारण हेच आहे : इंधन संपले, की ऊब संपते. मधमाशीची ही व्यवस्था तीन गोष्टींवर उभी आहे : पोटात इंधन, अंगाभोवती स्थिर हवा आणि कोरडे घर. शेतकऱ्यालाही याच तीन गोष्टी लागतात.

घोंगडी आणि थरांचे कपडे

एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक उपयोगी ठरतात. आत घाम शोषणारा कपडा, मध्ये लोकरीचा थर आणि बाहेर वारा व पाणी अडविणारा थर, अशी रचना असावी. कुदळ-फावड्याचे काम करताना मधला थर काढून ठेवावा आणि काम थांबताच पुन्हा घालावा. कारण घामाने भिजलेला स्वेटर पाटाच्या पाण्याने भिजलेल्या स्वेटरइतकाच घातक असतो.

सुती कपडा भिजला, की त्याची ऊब जवळजवळ संपते. लोकरीचे तसे नाही. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा हाताला ओला न भासता सामावून घेऊ शकतो. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीपासून विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन, पाऊस आणि गारठ्यात वापरली, ती याच गुणामुळे. रात्री बांधावर बसताना खाली आणि अंगाभोवती घोंगडी असली, तर जमिनीत जाणारी उष्णताही वाचते.

या घोंगडीचा शत्रू म्हणजे कसर. लोकर खातात त्या कसरीच्या पतंगाच्या व काही लहान भुंगेऱ्यांच्या अळ्या; प्रौढ पतंग लोकर खात नाही. घाम आणि खरकट्याचे डाग असलेल्या, अंधारात घडी घालून ठेवलेल्या लोकरीकडे या अळ्या अधिक वळतात. म्हणून हंगाम संपताच घोंगडी व स्वेटर धुऊन, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून, झटकून आणि घट्ट बंद पिशवीत ठेवावेत. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा ऊन द्यावे. त्यावर शेतातील कीटकनाशकाची भुकटी कदापि टाकू नये. जो कपडा रात्रभर अंगाशी राहतो, त्यात विष मुरवून ठेवण्यासारखे ते होईल.

थंडीतील फवारणी : ऊब आणि संरक्षण वेगळे

हिवाळ्यात सर्वाधिक सावधगिरी लागते ती फवारणीच्या वेळी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. तो प्रसंग थंडीचा नव्हता; परंतु त्वचेवाटे शरीरात शिरणाऱ्या औषधाचा धोका थंडीत निराळ्या वाटांनी वाढतो.

पहिली वाट कपड्यांची. मफलर, लोकरीचे हातमोजे आणि स्वेटर औषधाचे तुषार शोषून त्वचेशी धरून ठेवतात. लोकरी, सुती वा चामडी हातमोजे हे फवारणीचे हातमोजे नव्हेत. त्यासाठी औषध न झिरपणारे, अस्तर नसलेले नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. उबेसाठीचा स्वेटर संरक्षक पोशाखाच्या आत घालावा आणि तो ओला झाल्यास तत्काळ बदलावा.

दुसरी वाट पाण्याची. थंड पाणी नकोसे वाटते म्हणून हात नुसते बुचकळले जातात आणि अंघोळ उद्यावर ढकलली जाते. विषबाधेची बीजे या लहानशा टाळाटाळीत असतात. शेतावर जातानाच झाकणाच्या डब्यात कोमट पाणी आणि साबण नेला, तर धुण्याचा कंटाळा उरत नाही.

तिसरी वाट शेकोटीची. फवारणीच्या कपड्यांत शेकत बसणे, त्याच हातांनी विडी ओढणे किंवा औषधाची रिकामी पाकिटे, डबे व प्लास्टिक शेकोटीत टाकणे, हे सर्व कटाक्षाने टाळावे. त्या धुरात विषारी वायू असतात.

फवारणीची वेळही बदलावी. दव असताना फवारलेले औषध पातळ होऊन पानांवरून ओघळते आणि हात-पाय भिजतात ते वेगळेच. गारठलेल्या किडी फारशा खात नाहीत. त्यामुळे पोटविष गटातील औषधांचा परिणाम मंदावतो, जरी कृत्रिम पायरेथ्रॉईडसारखे काही गट थंडीतही प्रभावी राहतात. दव उतरल्यावर दुपारभर मधमाश्या फुलांवर असतात. म्हणून मोहरी, सूर्यफूल, कांदा बीजोत्पादन यांसारख्या फुलोऱ्यातील पिकांत, फवारणी अटळच असेल तर, माश्यांची वर्दळ ओसरल्यावर दुपारी उशिरा ती सुरू करावी आणि अंधार पडण्यापूर्वी अंघोळ उरकता येईल इतकेच क्षेत्र घ्यावे.

थंडी की विषबाधा?

फवारणीनंतर कुणी थरथरू लागला, बोलण्यात अडखळू लागला, तर त्याला थंडी लागली असे समजून शेकत बसविले जाते. येथे चूक जिवावर बेतू शकते. थंडीबरोबर घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, स्नायू फडफडणे किंवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, यांपैकी काहीही दिसल्यास विषबाधा समजावी. दूषित कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे, कोरड्या पांघरुणात गुंडाळून औषधाच्या लेबलासह त्वरित रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक वापरावा.

निव्वळ थंडीने गारठलेल्या व्यक्तीचे ओले कपडे प्रथम काढावेत. छाती, मान व पोट आधी उबदार करावे. व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असेल, तर गूळ घातलेले कोमट पेय द्यावे. बधिर हात चोळू नयेत आणि विस्तवाजवळ धरू नयेत. भाजलेले कळत नाही. पुढे बोटांवर लालसर-जांभळी, खाजरी सूज आल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. थरथर अचानक थांबून गुंगी येऊ लागली, तर ते सुधारण्याचे लक्षण नसून धोक्याचे आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी ध्यानात ठेवण्याच्या बाबी

• रात्रीच्या पाण्याला एकट्याने जाऊ नये. कोरड्या कपड्यांचा व मोज्यांचा एक जोड बंद पिशवीत बरोबर असावा.

• गमबूट फुटका नसल्याची खात्री हंगामापूर्वी करावी. मोजे भिजताच बदलावेत.

• निघण्यापूर्वी बाजरीची भाकरी, शेंगदाणे, तीळ-गूळ असे पोटभर खावे. पाणीही प्यावे.

• मद्य घेऊ नये. त्याने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात. उबेचा भास होतो आणि शरीराची उष्णता बाहेर पडते. तंबाखूतील निकोटिन बोटांचा रक्तपुरवठा कमी करते.

• मोटारीच्या बंद खोलीत वा खोपीत शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

• पाणी, फवारणी आणि काढणी यांचे नियोजन करताना शक्य तेथे काम दव उतरल्यानंतरच्या वेळेत आणावे.

हिवाळी पीकसल्ल्यात गव्हाला किती पाळ्या द्याव्यात, द्राक्षबागेत शेकोटी कधी पेटवावी, हे सविस्तर सांगितले जाते. त्याच सल्ल्यात पाणी देणाऱ्याच्या कोरड्या मोज्यांचा आणि फवारणी करणाऱ्याच्या कोमट पाण्याच्या डब्याचा उल्लेख आला, तर तो सल्ला पूर्ण होईल. या दोन्ही गोष्टींना खर्च अत्यल्प आहे. आणि ज्या हातांवर सारा हंगाम अवलंबून आहे, ते हात त्यामुळे शाबूत राहतात.