माकडहाड दुखतंय? लाजून अंगावर काढू नका

बेळगाव : पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरतो, माणूस बुडावर आपटतो. चार दिवसांत मुका मार ओसरतो, पण महिना झाला तरी खुर्चीत नीट बसवत नाही. दुखणं अवघड जागेचं, त्यामुळे सांगायचं कुणाला? विशेषतः बायका हे दुखणं अंगावरच काढतात.

पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटी तीन ते पाच छोट्या मणक्यांचं मिळून बनलेलं हाड म्हणजे माकडहाड. तिथल्या दुखण्याला डॉक्टर ‘कॉक्सिडायनिया’ म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ते सुमारे पाचपट जास्त आढळतं. बाळंतपणात या हाडावर ताण येतो, हे त्याचं एक कारण. पडणं, कडक बाकावर तासनतास बसणं, खड्ड्यांच्या रस्त्यावर रोजची दुचाकी, वाढलेलं वजन, हीसुद्धा कारणं. कधी कधी नेमकं कारण सापडतच नाही.

ओळखायचं कसं? बसल्यावर, मागे रेलल्यावर आणि बसल्या जागेवरून उठताना कळ येते. उभं राहिलं, चाललं की बरं वाटतं. कळ मांडीतून पोटरीकडे उतरत असेल, तर दुखणं बहुधा कमरेच्या नसेचं असतं.

बहुतेकांना काही आठवड्यांत, काहींना काही महिन्यांत आराम पडतो. तोवर बसताना किंचित पुढे झुकावं, म्हणजे भार मांड्यांवर जातो. मागच्या बाजूला खाच असलेली उशी घ्यावी. मधे भोक असलेली गोल उशी सगळ्यांनाच सोसते असं नाही. दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालावं. मार ताजा असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावावा, नंतर गरम शेक चालतो. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून भरपूर पाणी, भाजीपाला, फळं खावीत. दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर आधी विचारलंच पाहिजे.

हाड ‘बसवून’ घेण्यासाठी चोळणं, ओढणं टाळावं. हाड मोडलेलं असलं तर दुखणं वाढतं.

माकडहाडाजवळ गाठ, सूज, पू किंवा ताप असेल, तर तो केसाच्या मुळाशी झालेला गळूही असू शकतो. डॉक्टरांना लगेच दाखवावं. रात्री झोपेतून उठवणारी कळ, कारण नसताना घटणारं वजन, यांकडेही दुर्लक्ष नको. आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना गाठावा.

दोन महिने उलटूनही फरक नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. व्यायाम, फिजिओथेरपी, गरज पडल्यास इंजेक्शन असे उपाय आहेत. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते.