परतीचं तेल

नवं, मोठं इंजिन बसवलेली रेसिंग कार पहिल्यांदा ट्रॅकवर उतरते. सरळ पट्ट्यात गाडी सुसाट पळते. लांब वळणात मात्र ऑईल प्रेशरचा काटा थरथरायला लागतो. दोन-तीन फेऱ्यांत तेलाच्या टाकीच्या ब्रीदरमधून तेल बाहेर येतं आणि पिटमध्ये येऊन झाकण उघडलं की टाकीतली पातळी निम्म्यावर गेलेली दिसते. मालकाचा पहिला संशय इंजिन बांधणाऱ्यावर जातो. माझं मत असं, की ड्राय संप इंजिनात हा दोष आधी बाहेर शोधावा, आणि बाहेरही तेल परत आणणाऱ्या बाजूला.

आपल्या रोजच्या गाडीत तेल इंजिनाखालच्या ऑईल चेंबरमध्येच साठलेलं असतं. गाडी 1 जी इतक्या जोराने वळली, की त्या तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो. तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड, म्हणजे पिकअप, उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि 7000 आरपीएमला, म्हणजे सेकंदाला जवळपास 117 फेरे मारणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगांना तेल मिळत नाही. ड्राय संपमध्ये हा साठाच इंजिनाबाहेर नेलेला असतो. उंच, अरुंद टाकीतून प्रेशर पंप बेअरिंगांना तेल पुरवतो. खाली गळालेलं तेल उथळ चेंबरमधून स्कॅव्हेंज पंप लगेच ओढून टाकीत परत पाठवतात. चेंबर उथळ झाल्यामुळे इंजिन जमिनीच्या जवळ बसवता येतं, हा दुसरा फायदा. 1963 मध्ये लोकांसमोर आलेल्या पोर्शे 911 मध्ये ही रचना होती. 1967 मध्ये झँडवूर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कला जिंकून देणारं कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिनही ड्राय संपचंच.

यातली मेख परतीच्या वाटेवर आहे. बेअरिंगांकडे जाणारं तेल निव्वळ तेल असतं. परतताना त्यात भरपूर हवा मिसळलेली असते, म्हणजे आकारमान वाढलेलं असतं. म्हणून परतीच्या पंपांची एकूण क्षमता पुरवठ्याच्या पंपापेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते. आता इंजिनाची क्षमता वाढवली, टर्बो लावला, पिस्टनखाली तेलाचे फवारे बसवले, तर काय होतं? रिंगांशेजारून निसटून चेंबरमध्ये उतरणारा वायू वाढतो, खाली पडणारं तेल वाढतं आणि पंप मात्र जुनाच राहतो. त्यात पुली बदलल्यामुळे पंपाचा वेग कमी झाला असेल, तर बघायलाच नको.

शेवरले कॉर्व्हेट झेड06 चं उदाहरण बोलकं आहे. 2006 च्या या गाडीत 7 लिटरचं, 505 हॉर्सपॉवरचं एलएस7 इंजिन होतं आणि ड्राय संप कारखान्यातूनच बसवलेला. पंप दोनच टप्प्यांचा, एक पुरवठ्याचा आणि एक परतीचा. तेलाचा साठा होता 8 क्वार्ट, साधारण साडेसात लिटर. 2009 पासून तो साडेदहा क्वार्ट, म्हणजे जवळपास 10 लिटर झाला. रस्त्यावरच्या गाडीलासुद्धा जास्त तेल द्यावं लागलं. मग स्लिक टायर घालून, ताकद वाढवून तीच गाडी ट्रॅकवर पळवायची, तर जुन्या हिशेबावर विसंबून कसं चालेल?

शोध सुरू करायचा तो एका प्रश्नापासून: या क्षणी तेल कुठे आहे? इंजिन पूर्ण तापवा, आयडलिंगला टाकीतली पातळी बघून खूण करा, मग आरपीएम 3000 वर धरून ठेवा. पातळी थोडी उतरून स्थिर झाली, तर काळजी नाही. उतरतच राहिली, तर तेल इंजिनात अडकतंय. अशा वेळी चेंबरपासून पंपापर्यंतचा प्रत्येक पाइप इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासावा. एखादा शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट थंड लागला, तर त्या टप्प्यातून तेल येत नाही. त्याची जाळी काढून बघा. तिथे बहुतेकदा सिलिकॉनचे लांबट तुकडे सापडतात, कारण चेंबर बसवताना कोणीतरी सीलंट सढळ हाताने लावलेला असतो. जाळी स्वच्छ असेल तर पाइप पाहा. जुन्या रबरी पाइपचं आतलं अस्तर तापल्यावर ओढीने आत चिकटतं. बाहेरून काही कळत नाही. पाइपांची अदलाबदल हीसुद्धा नेहमीची चूक.

पातळी जागेवर आहे आणि तरी प्रेशर पडतंय, तर पुरवठ्याच्या बाजूला वळायचं: टाकीतल्या तेलाला फेस येतोय का, टाकी ते पंप हा पाइप अरुंद आहे का, त्याला तीव्र बाक आहे का. यातलं काहीच नसेल, तरच बेअरिंगांच्या क्लिअरन्सकडे जावं.

जुनी कास्ट आयर्न बुलेट ज्यांनी सांभाळलीय, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. तिचीही रचना ड्राय संपचीच. गाडी बरेच दिवस उभी राहिली, की तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. रेसिंग कारचंही तेच. रात्रभर उभ्या गाडीची टाकी सकाळी रिकामी दिसते, कोणीतरी लिटरभर तेल ओततं, आणि इंजिन सुरू होताच जादा तेल ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. दोष नसलेल्या गाडीत असा दोष तयार होतो. म्हणून पातळी नेहमी गरम, चालू इंजिनावरच बघायची.

आणि ऑईल कूलर. आधीचं इंजिन बेअरिंग जाऊन बसलं असेल, तर त्याचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत असतो. कितीही धुतला तरी तो पुरता निघत नाही. नव्या इंजिनावर एवढा खर्च करून जुना कूलर ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

पहिल्या रनिंगनंतर फिल्टर कापा, त्याच्या घड्या उन्हात उलगडा आणि लोहचुंबक फिरवा. चिकटणारे कण लोखंडाचे किंवा पोलादाचे. न चिकटणारे, तांबूस किंवा करडे, चकचकीत कण दिसले, तर ते बहुधा बेअरिंगचे; मग इंजिन पुन्हा सुरू करू नका.